माउस जिथे, फोकस तिथे : लिनक्सवर खालच्या विंडोत टाइप करताना येणाऱ्या अडचणी

कोरांटी

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने मी आजोबांच्या शेतीच्या वह्या टाइप करते आहे. अकरा वह्या आहेत. पेरणी कधी झाली, बी किती लागलं, विहिरीला पाणी किती हात उरलं, बैलाच्या पेंडीला किती गेले, सगळं बारीक अक्षरात, त्यांच्या हातचं. भावाने पानं स्कॅन करून एकेका वहीची पीडीएफ करून दिली आहे. मी ती वाचून रायटर या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये उतरवते.

लॅपटॉप जुना आहे, पडदा १३६६ बाय ७६८. त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (एक हलकं डेस्कटॉप) आवृत्ती. दोन विंडो शेजारी शेजारी ठेवल्या तर वहीचं अक्षर मुंगीएवढं होतं. म्हणून स्कॅनची विंडो आडवी पट्टीसारखी करून वर ठेवते, वहीच्या चार ओळी दिसतील एवढीच. तिच्या मागे रायटर पूर्ण पडदाभर. पण रायटरमध्ये क्लिक केलं की तो वर यायचा आणि पट्टी त्याच्यामागे जायची. मग ऑल्ट टॅब, परत क्लिक, परत पट्टी गायब. चार ओळी लिहायला वीस वेळा हेच.

गेल्या महिन्यात मामेभावाने विंडो मॅनेजरच्या (विंडोंची मांडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये 'फोकस फॉलोज माउस' लावून दिलं. फोकस म्हणजे टाइप केलेलं ज्या विंडोत जातं ती निवड. आता पॉइंटर रायटरवर नुसता नेऊन ठेवला की टायपिंग तिथे जातं. रायटर मागेच राहतो, वहीची पट्टी वर दिसत राहते. मी डोळे वहीवरून हलवतच नाही. हे इतकी वर्षं कुणी का सांगितलं नाही, असं खरंच वाटलं.

पण अडचणी आहेत, त्यासाठीच हा धागा.

पहिली, मधल्या एखाद्या शब्दात दुरुस्ती करायला क्लिक केलं की रायटर अजूनही वर येतोच.

दुसरी, टेबलाला धक्का लागला किंवा तळहात टचपॅडला घासला की पॉइंटर सरकतो आणि फोकस पट्टीवर जातो. मी आयबस या भाषा टाइप करण्याच्या प्रोग्रॅममधून रोमन अक्षरांनी मराठी लिहिते. काल 'नांगरट' लिहायला गेले, पहिलं एन स्कॅनच्या विंडोत पडलं आणि वहीचं पान उलटलं. त्या प्रोग्रॅममध्ये एन म्हणजे पुढचं पान आणि पी म्हणजे मागचं. मी खाली मान घालून लिहीत राहिले, वर बघते तो पुढच्या पानावरचा हिशोब. कुठल्या ओळीवर होते ते शोधायला पाच मिनिटं गेली.

तिसरी सगळ्यात वाईट. बँकेचा पासवर्ड टाइप करत होते, पॉइंटर शेजारच्या गप्पांच्या विंडोवर सरकला होता. अर्धा पासवर्ड घरच्या ग्रुपवर गेला, कारण शेवटी एंटर दाबलं. पासवर्ड लगेच बदलला, पण तेव्हापासून भीती बसली आहे.

सोय सोडायची नाही. धोका कमी कसा करू?

उंबरा

ताई, सोपा उपाय. पीडीएफच्या टायटल बारवर उजवं क्लिक करा आणि 'ऑलवेज ऑन टॉप' निवडा. रायटरमध्ये कितीही क्लिक करा, पट्टी वरच राहील. मग फोकस क्लिकवर ठेवला तरी तुमचं काम होतं.

कोरांटी

@उंबरा, करून पाहिलं होतं. पट्टी राहते वर, खरं आहे. पण मग रायटरची 'शोधा आणि बदला'ची चौकट उघडली की तीही पट्टीच्या मागे जाते. पट्टी हलवा, काम करा, परत जागेवर आणा. एक-दोन पानांना ठीक आहे, अकरा वह्यांना नाही.

जुना_टर्मिनल

कोरांटीताई, तुमचा धागा वाचून फार बरं वाटलं. ही सोय मी १९९८ पासून वापरतो आहे आणि तिच्याबद्दल मराठीत कुणी इतकं मनापासून लिहिलेलं आधी वाचलं नव्हतं.

आधी मुळाशी जाऊ, कारण तुमच्या तिन्ही अडचणींचं उत्तर त्यातच आहे. विंडोबाबत दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. कीबोर्ड कुणाकडे आहे, ही एक. कोण कुणाच्या वर रचलेलं आहे, ही दुसरी. क्लिकच्या पद्धतीत या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात: ज्याला कीबोर्ड मिळतो तो वर येतो. आपल्याला वाटतं की हे असंच असतं. तसं ते नाही. टेबलावर कागदांची चळत असताना खालच्या कागदाच्या बाहेर डोकावणाऱ्या कडेवर आपण वरचा कागद न हलवता लिहितोच की.

लिनक्सवर विंडो दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये अमेरिकेत एमआयटीत सुरू झाली, आज ज्याला एक्स ११ म्हणतात ती आवृत्ती १९८७ ची. तिच्यात या दोन गोष्टी पहिल्यापासून सुट्या आहेत. इतक्या सुट्या, की विंडो मॅनेजर न लावता नुसता एक्स सर्व्हर (तिचा मूळ प्रोग्रॅम) चालू केला तर कीबोर्ड आपोआप पॉइंटरखालच्या विंडोकडे जातो. म्हणजे 'माउस जिथे फोकस तिथे' ही कुणी नंतर चिकटवलेली करामत नाही, एक्सची मूळ अवस्थाच ती आहे. क्लिक केल्यावर फोकस देण्याचं काम विंडो मॅनेजर वरून करतो. त्या काळातला टीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर पॉइंटरमागेच जायचा. पुढे १९९३ मध्ये त्याच्यातून एफव्हीडब्ल्यूएम निघाला. त्यात क्लिक, माउस आणि स्लॉपी असे तिन्ही प्रकार प्रत्येक विंडोला वेगवेगळे लावता येत.

स्लॉपी आणि माउस यांतला फरक नीट समजून घ्या. कडक 'माउस' प्रकारात पॉइंटर मोकळ्या डेस्कटॉपवर गेला की फोकस कुणाकडेच राहत नाही, टाइप केलेलं हवेत जातं. स्लॉपीत मोकळ्या जागेवर गेलं तरी शेवटच्या विंडोचा फोकस टिकतो, दुसऱ्या विंडोत शिरल्यावरच बदलतो. रोजच्या कामाला स्लॉपीच बरा. पॉइंटर आडवा येत असेल तर तो ढकलून डेस्कटॉपच्या कोपऱ्यात ठेवता येतो आणि लिहिणं चालू राहतं.

पासवर्डचं. हा धोका जुन्या लोकांनाही ठाऊक होता. एक्सटर्म या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या विंडोत) कंट्रोल दाबून डावं क्लिक केलं की मेन्यूत 'सिक्युअर कीबोर्ड' आहे. ते निवडलं की संपूर्ण कीबोर्ड त्या एका विंडोला बांधला जातो आणि विंडोचे रंग उलटे होतात, पांढऱ्यावर काळं असेल तर काळ्यावर पांढरं. रंग उलटा दिसला की समजायचं, आता पॉइंटर कुठेही गेला तरी अक्षर इथेच पडणार. आम्ही प्रयोगशाळेत दुसऱ्या मशिनवर लॉगिन करताना हे न चुकता करायचो. ब्राउझरमध्ये असली सोय नाही, म्हणून बँकेच्या वेळी माझा नियम एकच: ब्राउझर पडदाभर करायचा आणि गप्पांची विंडो दुसऱ्या वर्कस्पेसवर (वेगळ्या आभासी पडद्यावर) पाठवायची. शेजारी विंडोच नसेल तर पॉइंटर सरकून जाणार कुठे?

सह्यवाट

एक्सएफसीईच वापरते, त्यामुळे नेमकं कुठे काय ते सांगते.

सेटिंग्ज, विंडो मॅनेजर, त्यात 'फोकस'ची टॅब. 'फोकस फॉलोज माउस' तुम्ही लावलंच आहे. त्याच्या खाली एक सरकपट्टी आहे, विंडोला फोकस मिळण्याआधी किती थांबायचं त्याची. ती अगदी डावीकडे असेल तर पॉइंटरचा नुसता स्पर्श झाला तरी फोकस जातो. थोडी उजवीकडे न्या. पॉइंटर पट्टीवरून घसरून लगेच परत आला तर फोकस हलणारच नाही. फार उजवीकडे नेलीत तर उलटा त्रास होतो: तुम्ही रायटरवर येऊन लिहायला लागता आणि पहिली दोन अक्षरं आधीच्या विंडोत जातात. आपल्या हाताला जमेल तो बिंदू शोधायला मला दोन दिवस लागले.

त्याच टॅबमध्ये खाली 'रेज ऑन क्लिक' आहे, आतल्या भागात क्लिक केल्यावर विंडो वर आणायची का, असं विचारणारं. त्याची टिक काढा. ही तुमच्या पहिल्या अडचणीची किल्ली. आता रायटरमध्ये कुठेही क्लिक करून कर्सर ठेवा, तो मागेच राहील. वर आणायचा असेल तेव्हा टायटल बारवर क्लिक. टायटल बारच झाकला गेला असेल तर? कीबोर्डच्या टॅबमध्ये 'रेज ऑर लोअर विंडो' असा शॉर्टकट आहे, त्याला एखादी मोकळी कळ द्या. मागची विंडो पुढे आणि पुढची मागे, एकाच कळीने.

फोकस मिळताच विंडो आपोआप वर आणणारं 'रेज ऑन फोकस' मात्र बंदच ठेवा. ते चालू असेल तर पॉइंटर जिथे रेंगाळेल ती विंडो उसळून वर येते आणि लहान विंडो मोठ्या विंडोच्या मागे गडप होतात. अनेकांनी ही सगळी पद्धतच वाईट ठरवली ती या एका पर्यायामुळे.

टचपॅड: माउस अँड टचपॅडच्या सेटिंगमध्ये 'टाइप करताना टचपॅड बंद' आहे, ते लावा. तळहाताचा प्रश्न मिटेल.

रात्रपाळी

+१ सह्यवाट. 'रेज ऑन क्लिक'बद्दल मलाही माहीत नव्हतं.

शाळामास्तर

माझं मत वेगळं आहे, मनापासून सांगतो.

आमच्या घरी एकच संगणक. वडिलांना कंपवात आहे. माउस हातात असला की पॉइंटर सतत थोडा थोडा हलतो. क्लिकची पद्धत त्यांना आधार देते: एकदा क्लिक केलं की हात कितीही हलला तरी पत्र त्याच जागी लिहिलं जातं. मध्ये एकदा मुलीने ही सेटिंग लावली आणि बदलायची राहून गेली. वडील अर्धा तास एकाच इमेलशी झगडत होते आणि 'माझंच काहीतरी चुकतंय' म्हणत होते. मला ते फार लागलं.

सोय चांगली आहे, पण सामायिक संगणकावर लावू नका. निदान प्रत्येकाचं खातं वेगळं असू द्या. ही सेटिंग खात्यापुरती असते, तेवढ्याने भागतं.

ताम्हण

मास्तर, तुमचं पटलं. माझी बाजू नेमकी उलटी आहे, तीही सांगते.

मला उजव्या मनगटाचा त्रास आहे. डॉक्टरांनी क्लिक कमी करायला सांगितलं. तर्जनीने दाबण्याची ती क्रियाच दुखते, हात सरकवणं दुखत नाही. फोकस माउसमागे लावल्यावर विंडो बदलण्याचे सगळे क्लिक गेले. संध्याकाळचा शेक बंद झाला नाही, पण एकदाच घ्यावा लागतो आता.

विंडोज ७ मध्येही 'माउस नेल्यावर विंडो सक्रिय करा' असा पर्याय होता आणि तो 'ईझ ऑफ ॲक्सेस'मध्ये ठेवलेला होता. म्हणजे शरीराच्या अडचणीसाठीच. एकाचा आधार तो दुसऱ्याचा अडथळा, म्हणून दोन्ही पर्याय राहायला हवेत.

शाळामास्तर

ताम्हण, खरं आहे. काळजी घ्या मनगटाची.

पाटी_पेन्सिल

ग्नोम हे दुसरं डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी: ट्वीक्स नावाचा प्रोग्रॅम लावा. त्यात 'विंडोज' नावाच्या पानावर तीन पर्याय मिळतात. क्लिकचा, 'फोकस ऑन हॉवर' आणि 'फोकस फॉलोज माउस'. मधला म्हणजे जुना स्लॉपी, शेवटचा म्हणजे कडक. जुना_टर्मिनल काकांनी सांगितलेलाच फरक. विंडो आपोआप वर आणणं लावलंत तर त्याला अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे ५०० मिलिसेकंदांचा थांबा मुळातच असतो. 'रेज ऑन क्लिक' ट्वीक्समध्ये दिसत नाही, डीकॉन्फ एडिटर या सेटिंग बदलण्याच्या प्रोग्रॅममधून बंद करावं लागतं.

ग्नोमने एक गोष्ट छान केली आहे. पॉइंटर हलता आहे तोवर फोकस बदलतच नाही, तो थांबला की मग बदलतो. याचं महत्त्व कळायला जुना ग्नोम ३ वापरलेला हवा. तेव्हा चालू प्रोग्रॅमचा मेन्यू पडद्याच्या वरच्या पट्टीत असायचा. खालच्या विंडोतून त्या मेन्यूकडे निघालं की वाटेत दुसरी विंडो लागायची, फोकस तिच्याकडे जायचा आणि वर पोचेपर्यंत मेन्यूही तिचा झालेला असायचा. उबुंटूच्या युनिटी या जुन्या डेस्कटॉपवरही मेन्यू वर होता, तिथेही हेच दुखणं. २०१९ मध्ये ग्नोम ३.३२ ने तो वरचा मेन्यू काढला आणि आम्ही स्लॉपीवाले सुटलो.

घाटमाथा

केडीई या तिसऱ्या डेस्कटॉपमध्ये तर सहा पायऱ्या आहेत. पहिल्या दोन क्लिकच्या, नंतरच्या दोन फोकस माउसमागे नेणाऱ्या, मग पॉइंटरखालीच ठेवणारी आणि शेवटी अगदी कडक. मी माउसमागे नेणारी साधी वापरतो. त्यात नवी विंडो नेमकी पॉइंटरखाली उगवली तरी फोकस हिसकावत नाही.

हा मुद्दा दिसतो त्यापेक्षा खोल आहे. पॉइंटर विंडोत शिरला की एक्स सर्व्हर 'शिरला' असा निरोप पाठवतो. पण तुम्ही माउस हलवला नाही आणि विंडोच येऊन पॉइंटरखाली उभी राहिली, किंवा वरची विंडो बंद होऊन खालची उघडी पडली, तरीही तोच निरोप येतो. माणूस विंडोकडे गेला की विंडो माणसाकडे आली, हे विंडो मॅनेजरने ओळखायचं असतं. जे ओळखत नाहीत त्यांच्यात वर्कस्पेस बदलला की फोकस भलतीकडे जातो. कोरांटीताई, एखादी विंडो बंद केल्यावर तुमचा फोकस विचित्र उडी मारत असेल तर कारण हे.

शिवाय केडीईत 'फोकस स्टीलिंग प्रिव्हेन्शन' (प्रोग्रॅमने फोकस हिसकावू नये म्हणून) वेगळं आहे, अजिबात नाही पासून टोकाच्या कडकपणापर्यंत. मी मध्यम ठेवतो.

रात्रपाळी

वेलँडवर, म्हणजे एक्सच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेवर, हे चालतं का? की एक्सबरोबर जाणार?

घाटमाथा

चालतं. ग्नोम आणि केडीई दोन्हीकडे वेलँड सत्रात हीच सेटिंग लागू होते. स्वे या वेलँडच्या विंडो मॅनेजरमध्ये तर न सांगता चालूच असते, एक्सवरच्या आय३ सारखी. फरक एवढाच, वेलँडवर फोकस कुणाला द्यायचा ते पूर्णपणे कंपोझिटर (वेलँडवर विंडो मांडणारा प्रोग्रॅम) ठरवतो, प्रोग्रॅमने स्वतःहून ओढून घ्यायची सोय नाही. माउसमागे फोकस ठेवणाऱ्यांच्या हे पथ्यावरच पडलं.

बोरूबहाद्दर

मराठी टायपिंगचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. मी गेली पंधरा वर्षं याच कामात आहे.

कोरांटीताई, तुम्ही आयबसमध्ये रोमनमधून लिहिता तेव्हा अक्षर लगेच रायटरला मिळत नाही. 'नां' लिहिताना आधी एन, मग स्वर, मग अनुस्वार. तोवर ते अधांतरी असतं, बहुतेक प्रोग्रॅममध्ये खाली रेघ ओढलेलं दिसतं. नेमक्या त्या क्षणी फोकस गेला की ते अर्धवट अक्षर कधी आहे तसं पडतं, कधी पुसलं जातं. प्रोग्रॅमगणिक वेगळं. म्हणून तुमच्या वह्यांत 'न्' असे पाय मोडलेले तुकडे मध्येच सापडतील. एकदा 'शोधा'त हलन्त घालून सगळीकडे तपासाच.

इनस्क्रिप्ट (कळांवर थेट देवनागरी चिन्हं असलेली मांडणी) थेट कीबोर्ड लेआउट म्हणून लावलंत तर असं होत नाही. कळ दाबली की ते चिन्ह तिथल्या तिथे जातं, अधांतरी काही उरतच नाही. फोकस हलला तर फक्त पुढची अक्षरं भलतीकडे जातील, आधीचं शाबूत राहील. आणि पीडीएफच्या विंडोला 'न' मिळाला तर तिच्या लेखी तो एन नव्हे, सहसा पान उलटत नाही. सवय व्हायला मला तीन आठवडे लागले.

दुसरं, ग्नोममध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'सगळ्या विंडोंना एकच भाषा' की 'प्रत्येक विंडोला वेगळी' असं विचारतात. केडीईतही तसं आहे. माउसमागे फोकस असणाऱ्याने 'प्रत्येक विंडोला वेगळी' घेतलं की पॉइंटर हलताच भाषाही बदलते. काहींना हे गोंधळाचं वाटतं. मला तेच हवं असतं: रायटरवर गेलो की मराठी, टर्मिनलवर गेलो की इंग्रजी, हात न लावता.

जुना_टर्मिनल

बोरूबहाद्दर, हे भाषेचं मला कधी सुचलं नव्हतं. आज लावतो.

एक राहिलं. मजकूर निवडा, पॉइंटर दुसऱ्या विंडोवर न्या, माउसचं मधलं बटण दाबा, चिकटला. कंट्रोल सी नाही, कंट्रोल व्ही नाही. स्लॉपी फोकस आणि 'रेज ऑन क्लिक' बंद असेल तर या सगळ्यात एकही विंडो जागची हलत नाही.

कोरांटी

सगळ्यांचे मनापासून आभार. एक आठवडा वापरून लिहिते आहे.

'रेज ऑन क्लिक'ची टिक काढली आणि कामाचं रूपच बदललं. आता मधल्या ओळीत क्लिक करून दुरुस्ती करते, वहीची पट्टी ढळत नाही. थांब्याची सरकपट्टी दोनदा बदलली. आधी फार उजवीकडे नेली होती, तेव्हा सह्यवाट म्हणाली तसंच झालं, 'विहीर'ची 'वि' मागच्या विंडोत. आता डावीकडून साधारण पाव भागावर आहे. टाइप करताना टचपॅड बंद केल्यापासून पान एकदाही उलटलेलं नाही.

पासवर्डसाठी काकांचा नियम पाळते. बँकेचं काम वेगळ्या वर्कस्पेसवर, तिथे दुसरी विंडोच नाही.

बोरूबहाद्दर, हलन्त शोधून पाहिला. पहिल्या तीन वह्यांत सेहेचाळीस ठिकाणी सापडला. काही खरेच शब्दातले होते, पण एकतीस तुकडे फोकस गेल्याचेच होते. एका ठिकाणी तर 'बैल विकला न्' एवढंच राहिलं होतं. मूळ पान उघडलं, तिथे होतं 'बैल विकला नाही'. हे तसंच गेलं असतं तर आजोबांच्या हिशोबाचा अर्थच उलटला असता. इनस्क्रिप्टचा तक्ता छापून भिंतीला लावला आहे, चौथी वही त्यावरच करणार.

@शाळामास्तर, आई कधीकधी याच लॅपटॉपवर भजनं ऐकते. तिचं वेगळं खातं काढलं, तिथे क्लिकच ठेवला आहे.

एक शेवटचा प्रश्न. भावाच्या मशिनवर केडीई आहे, तो पुढच्या वह्या करणार आहे. घाटमाथा, तिथे थांबा कुठे बदलायचा?

घाटमाथा

सिस्टम सेटिंग्ज, विंडो बिहेवियर, फोकसची टॅब, पॉलिसीच्या जवळच. मुळात ३०० मिलिसेकंद असतो, तो तसाच ठेवून आधी दोन दिवस काम करून बघू दे. त्याच पानावर 'क्लिकने सक्रिय विंडो वर आणा' असं आहे, त्याची टिक काढायला सांगा.